कोलंबस ते बोस्टनचा चहा: अमेरिकेतल्या वसाहतींबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आपल्याकडे अमेरिकेचा सुरुवातीचा इतिहास दोन चित्रांत उरकतो. एका चित्रात कोलंबस किनाऱ्यावर पाऊल ठेवतो, दुसऱ्यात बोस्टनच्या बंदरात चहाच्या पेट्या पाण्यात पडतात. या दोन चित्रांमध्ये २८१ वर्षं आहेत. ती वर्षं समजली नाहीत तर चहा का बुडवला हेही नीट समजत नाही. ही गोष्ट पुन्हा पुन्हा हिंदुस्थानाला येऊन भिडते, म्हणून जिथे खरा संबंध आहे तिथे तो सांगितला आहे.

कोलंबसने अमेरिका शोधली, असं म्हणायचं की नाही?

तिथे किमान पंधरा हजार वर्षं माणसं राहत होती, त्यामुळे 'शोधली' हा शब्द त्यांच्या दृष्टीने अर्थहीन आहे. मेक्सिकोतलं तेनोच्तित्लान हे सरोवरात वसवलेलं नगर त्या काळच्या बहुतेक युरोपीय शहरांहून मोठं होतं. युरोपीयांपुरतं बोलायचं तरी कोलंबस पहिला नव्हे. त्याच्या सुमारे पाचशे वर्षं आधी ग्रीनलंडकडून नॉर्स (म्हणजे मूळचे स्कँडिनेव्हियातले) दर्यावर्दी कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावर पोहोचले होते. लान्स ओ मेडोज इथे त्यांच्या घरांचे अवशेष १९६० मध्ये सापडले. तिथलं लाकूड नेमकं इसवी सन १०२१ मध्ये तोडलेलं होतं, हे झाडाच्या वाढीच्या वलयांवरून २०२१ मध्ये ठरवता आलं. ती वस्ती टिकली नाही आणि युरोपातही तिची आठवण पुसली गेली. कोलंबसनंतर मात्र जहाजांची ये-जा थांबलीच नाही. त्याचं महत्त्व एवढंच आहे, पण ते फार मोठं आहे.

पृथ्वी गोल आहे हे दाखवायला तो निघाला होता का?

नाही. ही गोष्ट फार पसरलेली आहे आणि ती चुकीची आहे. पृथ्वी गोल आहे हे शिकल्यासवरल्या युरोपीयांना ठाऊक होतं. वाद होता तो तिच्या आकाराचा. कोलंबसने पृथ्वी बरीच लहान धरली आणि आशिया पूर्वेकडे फार लांबवर पसरलेला धरला. त्याच्या हिशेबाने कॅनरी बेटांपासून जपान साडेचार हजार किलोमीटरांच्या आत होतं. प्रत्यक्षात ते अंतर वीस हजारांच्या घरात जातं. म्हणजे पोर्तुगालच्या ज्या जाणकारांनी त्याची योजना फेटाळली, त्यांचं गणित बरोबर होतं. वाटेत अमेरिका आडवी आली नसती तर तिन्ही जहाजं अन्नपाण्यावाचून समुद्रातच संपली असती.

त्याला खरोखर भारतात यायचं होतं का?

त्याचं 'इंडीज' म्हणजे आजचा भारत नव्हे. चीन, जपान, मसाल्यांची बेटं, हिंदुस्थान असा सगळा पूर्वेकडचा श्रीमंत मुलूख त्यात येत असे. पूर्वेकडे आफ्रिकेला वळसा घालून जायची वाट पोर्तुगीजांनी धरली होती. बार्तोलोमेउ दियाश १४८८ मध्ये आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून आला होता. स्पेनला पश्चिमेचा जुगार खेळण्यावाचून दुसरं काय उरलं होतं? कोलंबसने बरोबर लुइस दे तोरेस नावाचा अरबी जाणणारा दुभाष्या घेतला होता. पूर्वेच्या दरबारांत अरबी चालेल अशी खात्री होती. ३ ऑगस्ट १४९२ ला तो पालोसहून निघाला आणि १२ ऑक्टोबरला बहामातल्या ग्वानाहानी बेटावर उतरला. समोर आलेल्या माणसांना अरबी कळायचा प्रश्नच नव्हता. तरी आपण 'इंडीज'मध्येच आहोत या समजाने त्याने त्यांना 'इंडियन' म्हटलं. हे चुकीचं नाव त्या लोकांना शेकडो वर्षं चिकटलं.

मग १४९४ मध्ये तोर्देसियासच्या तहाने स्पेन आणि पोर्तुगालने अटलांटिकवर एक रेघ ओढून नवा मुलूख वाटून घेतला. १५०० मध्ये काब्राल हा पोर्तुगीज सरदार कालिकतकडे निघाला असताना पश्चिमेला सरकत सरकत ब्राझीलला लागला आणि तिथून पुढे हिंदुस्थानात आला. ब्राझील आणि १५१० नंतरचा गोवा अशा रीतीने एकाच साम्राज्याची दोन टोकं झाली.

मिरची, बटाटा हे सगळं तिकडूनच आलं, हे खरं आहे का?

खरं आहे, आणि यादी वाटते त्याहून लांब आहे. मिरची, बटाटा, टोमॅटो, मका, शेंगदाणा, रताळं, लाल भोपळा, पपई, पेरू, सीताफळ, अननस, चिकू, तंबाखू ही सगळी मूळची अमेरिकेची. काजू ब्राझीलचा, तिथल्या तुपी भाषेतलं नाव पोर्तुगीजांच्या तोंडून गोव्यात आलं आणि आपण ते जवळजवळ तसंच ठेवलं. बटाटा हा शब्दही पोर्तुगीजांकडूनच आला. मिरची येण्याआधी आपला तिखटपणा मिरी, पिंपळी आणि आल्याचा होता.

मला स्वतःला सगळ्यात नवल वाटतं ते उपवासाच्या ताटाचं. साबुदाण्याची खिचडी घ्या. आपला साबुदाणा ज्या कंदापासून बनतो तो दक्षिण अमेरिकेचा, दाण्याचं कूट अमेरिकेचं, मिरची अमेरिकेची, बटाटा अमेरिकेचा. शेजारी रताळ्याचा कीस आणि राजगिऱ्याचा लाडू ठेवला तर तेही तिथलेच. तूप आणि जिरं तेवढं जुन्या जगातलं. एकादशीला आपण कटाक्षाने जे खातो, ते ज्ञानेश्वरांच्या काळी या मुलखात कोणी पाहिलंही नव्हतं.

आणि अमेरिकेला बदल्यात काय मिळालं?

गहू, ऊस, घोडे, गुरं. आणि देवी, गोवर, इन्फ्लुएंझा. या रोगांशी तिथल्या माणसांच्या शरीराची कधीच ओळख झालेली नव्हती. कोलंबस जिथे वारंवार गेला त्या हिस्पानिओला बेटावरचे ताइनो लोक रोग, सक्तीची मजुरी आणि तलवार यांमुळे दोन पिढ्यांत जवळजवळ नाहीसे झाले. १५२१ मध्ये कोर्तेस या स्पॅनिश सरदाराने तेनोच्तित्लान घेतलं, तेव्हा शहर देवीच्या साथीने आधीच पोखरलेलं होतं.

उत्तरेतलं एक उदाहरण सांगितल्याशिवाय राहवत नाही. १६२० मध्ये 'मेफ्लॉवर' जहाजातून १०२ प्रवासी मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर आले. त्यांना तिथे मोकळी केलेली शेतजमीन आयती मिळाली, आणि त्यात त्यांना देवाची कृपा दिसली. ती जमीन पटक्सेट नावाच्या गावाची होती. काही वर्षांपूर्वीच्या साथीत ते सगळं गाव मेलं होतं. त्या गावचा एकच माणूस त्यांना भेटला, तिस्क्वांटम. १६१४ मध्ये एका इंग्रज कप्तानाने त्याला पळवून स्पेनमध्ये गुलाम म्हणून विकायला नेलं होतं. तिथून इंग्लंडमार्गे तो घरी पोहोचला, तर घरच उरलं नव्हतं. त्याच माणसाने या नवख्यांना मका कसा लावायचा ते शिकवलं. त्यांच्यातले निम्मे पहिल्या हिवाळ्यातच गेले होते. उरलेले जगले ते बऱ्याच अंशी त्याच्यामुळे.

इंग्रज इतक्या उशिरा कसे आले?

जॉन कॅबट इंग्लंडच्या राजाच्या वतीने १४९७ मध्येच उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्याला लागला होता. पण वस्ती करायला पैसा लागतो आणि तो राजाकडे नव्हता. रोअनोक बेटावर १५८७ मध्ये बसवलेली वस्ती १५९० मध्ये रिकामी सापडली. एका खांबावर 'क्रोएटोअन' हा एकच शब्द, म्हणजे जवळच्या एका बेटाचं नाव, कोरलेला होता.

पैसा शेवटी व्यापाऱ्यांनी उभा केला. ईस्ट इंडिया कंपनी १६०० ची, व्हर्जिनिया कंपनी १६०६ ची. दोन्हींमध्ये लंडनच्या सावकारांनी भाग घेतले होते आणि सर थॉमस स्माइथ हा एकच गृहस्थ दोन्हींच्या प्रमुखपदी होता. म्हणजे सुरत आणि व्हर्जिनियातलं जेम्सटाऊन या एकाच बाजारपेठेने लावलेल्या दोन पैजा होत्या. जेम्सटाऊनची वस्ती १६०७ मध्ये बसली आणि ती पैज बुडायच्याच बेताला आली होती. १६०९-१० च्या हिवाळ्यात उपासमारीने सुमारे पाचशेंतले साठच वाचले. मग तंबाखूचं पीक लागलं आणि वस्तीला पैसा दिसू लागला.

१६१९ हे साल लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्या वर्षी जुलैच्या अखेरीस व्हर्जिनियात निवडून आलेल्या प्रतिनिधींची पहिली सभा भरली, आणि पुढच्याच महिन्यात वीसेक आफ्रिकन माणसं तिथे आणून विकली गेली. अमेरिकेतलं लोकांचं राज्य आणि अमेरिकेतली गुलामी एकाच उन्हाळ्यात, एकाच वसाहतीत दिसू लागली.

इंग्रजांच्या तेरा वसाहती कोणत्या? पाठ कराव्या लागतात का?

परीक्षेसाठी पाठ करा. समजण्यासाठी एवढं पुरे: पहिली व्हर्जिनिया, शेवटची जॉर्जिया, जिची वस्ती १७३३ ची. उत्तरेत धर्मासाठी आलेले प्युरिटन (कडक शिस्तीचे प्रॉटेस्टंट), मासेमारी आणि जहाजबांधणी; मधल्या पट्ट्यात गहू आणि नाना देशांचे लोक; दक्षिणेत तंबाखू, तांदूळ आणि गुलाम. न्यूयॉर्क आधी डचांचं न्यू अ‍ॅमस्टरडॅम होतं, इंग्रजांनी ते १६६४ मध्ये घेतलं.

या सगळ्यांत एक गोष्ट सारखी होती. लंडन समुद्रापार, निरोप पोहोचायलाच महिना-दोन महिने. त्यामुळे रस्ते, शाळा, फौज, आणि मुख्य म्हणजे कर, हे सगळं प्रत्येक वसाहतीची सभा आपलं आपण ठरवत असे. कायद्याने त्या राजाच्या ताब्यात होत्या, पण शे-दीडशे वर्षांच्या सवयीने स्वतःच्या. पुढचं सगळं भांडण या सवयीचं आहे.

मग एकाएकी बिघडलं कशाने?

युद्ध जिंकल्याने. १७५४ मध्ये ओहायो खोऱ्यावरून इंग्रज-फ्रेंच चकमकी सुरू झाल्या आणि त्यांतून जगभरचं सप्तवार्षिक युद्ध पेटलं. आपल्याकडे त्याच काळात प्लासी आणि वांदिवाशच्या लढाया झाल्या. १७६३ च्या पॅरिसच्या तहाने फ्रेंच उत्तर अमेरिकेतून जवळजवळ हद्दपार झाले. पण इंग्लंडचं राष्ट्रीय कर्ज या युद्धात दुपटीच्या आसपास गेलं, आणि नव्या मुलखात फौज ठेवायचा खर्च वर आला. लंडनचं म्हणणं होतं की युद्ध तुमच्या रक्षणासाठी झालं, थोडा भार तुम्हीही उचला. वसाहतींचं म्हणणं होतं की फ्रेंच तर गेले, आता फौज हवी कोणासाठी?

त्याच वर्षी राजाने जाहीरनामा काढून अ‍ॅपलेशियन डोंगररांगांच्या पलीकडे वस्ती करायला मनाई केली. मूळनिवाशांशी नवी युद्धं टाळायचा तो प्रयत्न होता. पण त्या जमिनींवर डोळा ठेवून बसलेल्यांना तो घास हिरावून घेतल्यासारखा वाटला. अशांमध्ये जॉर्ज वॉशिंग्टनही होता.

स्टँप अ‍ॅक्ट म्हणजे आपला स्टँप पेपरच ना?

कल्पना तीच. इंग्लंडात असा कर १६९४ पासून होता, आपल्याकडे कंपनी सरकारने तो पुढे आणला, आणि घराचा करार करताना आपण आजही मुद्रांक शुल्क भरतोच. म्हणूनच मराठी वाचकाला पहिला प्रश्न पडतो की एवढ्यावरून दंगल कशाला?

१७६५ च्या या कायद्याने करारमदार, मृत्युपत्रं, जहाजांचे परवाने, वर्तमानपत्रं, पंचांगं, पदव्या, एवढंच काय, पत्त्यांचे जोड आणि फासे यांवरही शिक्क्याचा कर बसवला. तो पौंडांत भरायचा, आणि रोकड तर वसाहतींत नेहमीच टंचाईची. कायदा मोडणाऱ्याचा खटला ज्यूरी नसलेल्या नाविक न्यायालयात चालू शकत होता. झळ नेमकी कोणाला बसली ते पाहा: वकील, छापखानेवाले, व्यापारी, पेठेतले गुत्तेवाले. गावात बोलणारी आणि लिहिणारी माणसं हीच. त्यांना एकाच दिवशी दुखवणं हे राजकारण म्हणून फार कच्चं होतं.

ऑगस्टमध्ये बोस्टनमध्ये स्टँप विकायला नेमलेल्या अँड्र्यू ऑलिव्हरचा पुतळा झाडाला टांगला गेला, आणि पुढे उपगव्हर्नर थॉमस हचिन्सनचं घर लोकांनी फोडलं. स्टँप विक्रेते धडाधड राजीनामे देऊ लागले. ऑक्टोबरमध्ये नऊ वसाहतींचे प्रतिनिधी न्यूयॉर्कला एकत्र बसले. १ नोव्हेंबरला कायदा लागू झाला तेव्हा शिक्क्याचा कागद विकायला जवळजवळ कोणी उरलंच नव्हतं. मार्च १७६६ मध्ये पार्लमेंटने तो मागे घेतला, पण त्याच दिवशी दुसरा कायदा करून ठेवला: वसाहतींसाठी 'कोणत्याही बाबतीत' कायदे करायचा अधिकार आम्हालाच आहे. लोकांनी रोषणाई केली आणि त्या दुसऱ्या कायद्याकडे फारसं कोणी पाहिलं नाही.

कर फार जड होते का?

नव्हते. इंग्लंडातला माणूस त्यांच्याहून कितीतरी जास्त कर भरत होता. हे लपवण्यात अर्थ नाही. पण आमच्या सभेने बसवलेला कर आणि ज्या पार्लमेंटमध्ये आमचा एकही माणूस नाही तिने बसवलेला कर यांत त्यांना जमीन-अस्मानाचा फरक दिसत होता. लंडनचं उत्तर असं की पार्लमेंट सगळ्याच प्रजेचं प्रतिनिधित्व करतं. मँचेस्टरला तरी कुठे स्वतःचा खासदार आहे? हे उत्तर वसाहतींत कोणालाच पटलं नाही, आणि मला वाटतं मँचेस्टरलाही फार काळ पटलं नसतं.

१७६७ मध्ये इंग्लंडचा अर्थमंत्री टाउनशेंड याने काच, शिसं, रंग, कागद आणि चहा यांवर जकात लावली. उत्तर म्हणून विलायती मालावर बहिष्कार पडला आणि बायका घरोघरी चरखे घेऊन बसल्या. स्वदेशीची चळवळ आपल्या घरात ऐकलेल्या वाचकाला हे चित्र परकं वाटणार नाही.

बोस्टनचं हत्याकांड खरंच हत्याकांड होतं का?

५ मार्च १७७० च्या रात्री चिडलेल्या जमावाने शिपायांवर बर्फाचे गोळे आणि काठ्या फेकल्या, शिपायांनी गोळ्या झाडल्या आणि पाच माणसं मेली. त्यांत क्रिस्पस अ‍ॅटक्स हा आफ्रिकन आणि मूळनिवासी वंशाचा खलाशी होता. बोस्टनचा कारागीर पॉल रिव्हियर याच्या छापील चित्रात शिपाई रांगेत उभे राहून हुकमावर गोळ्या झाडताना दिसतात. तसं घडलं नव्हतं, पण लोकांच्या डोळ्यांपुढे तेच चित्र राहिलं. शिपायांचं वकीलपत्र घेतलं ते जॉन अ‍ॅडम्सने, जो स्वतः इंग्रजांच्या धोरणाचा विरोधक होता आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झाला. सहा शिपाई सुटले, दोघांना अंगठ्यावर डाग देऊन सोडलं. पेटलेल्या गावात त्याने हे काम घेतलं याबद्दल मला त्याचा मनापासून आदर वाटतो.

चहा स्वस्त झाला होता, मग बुडवला का? आणि तो चहा भारतातला होता का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी: नव्हता. तो सगळा चहा चीनचा, कँटनहून आणलेला. आसामचा चहा लंडनच्या लिलावात १८३९ मध्ये पहिल्यांदा आला. भारताचा संबंध चहाच्या पानाशी नाही, चहाच्या मालकाशी आहे.

मालक म्हणजे ईस्ट इंडिया कंपनी. बंगालची दिवाणी हातात येऊनही ती १७७२ मध्ये दिवाळखोरीच्या काठावर होती. मधल्या काळात, १७६९-७० मध्ये, बंगालात भयानक दुष्काळ पडला होता, आणि अशा वेळीही कंपनीची सारावसुली चालूच होती. लंडनच्या गोदामांत तिचा प्रचंड चहा पडून होता. १७७३ मध्ये पार्लमेंटने कंपनीला १४ लाख पौंडांचं कर्ज दिलं आणि दोन कायदे केले. एक रेग्युलेटिंग अ‍ॅक्ट, जो स्पर्धा परीक्षेच्या प्रत्येक विद्यार्थ्याला तोंडपाठ असतो. दुसरा टी अ‍ॅक्ट. पहिल्याने कलकत्त्याला गव्हर्नर जनरल दिला, दुसऱ्याने कंपनीला अमेरिकेत थेट चहा विकायची मुभा दिली. एकाच कंपनीला सावरायला, एकाच वर्षी, एकाच सभागृहात हे दोन्ही कायदे झाले. आपण मात्र ते दोन वेगळ्या पुस्तकांत वाचतो.

या कायद्यामुळे कंपनीचा चहा चोरून आणलेल्या डच चहाहूनही स्वस्त पडणार होता. पण त्यावर पौंडामागे तीन पेन्सची जुनी टाउनशेंड जकात तशीच होती. स्वस्त चहा प्यायला म्हणजे पार्लमेंटचा कर मान्य केला. शिवाय विक्रीचा मक्ता मोजक्या मर्जीतल्यांना. बोस्टनमध्ये त्यांत हचिन्सनची मुलंच होती आणि हचिन्सन आता गव्हर्नर होता. चोरटा व्यापार करणाऱ्यांचंही पोट यावर होतं, हेही खरंच. जॉन डिकिन्सनसारख्या लेखकांनी तर कंपनीने आशियात काय केलं ते पाहा, असं सांगत बंगालच्या दुष्काळाकडे बोट दाखवलं. बंगालचे मेलेले शेतकरी फिलाडेल्फियाच्या वादात साक्षीला उभे केले गेले होते.

न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियाची जहाजं मालासकट परत गेली. बोस्टनमध्ये हचिन्सन हटून बसला. १६ डिसेंबर १७७३ च्या संध्याकाळी ओल्ड साउथ सभागृहात हजारो लोक जमले होते. जहाजांना परत जायचा परवाना नाही, हा शेवटचा निरोप आला, आणि मोहॉक या मूळनिवासी जमातीसारखे वेश केलेली माणसं ग्रिफिनच्या धक्क्याकडे निघाली. 'डार्टमथ', 'एलिनॉर' आणि 'बीव्हर' या तीन जहाजांवरच्या ३४० हून अधिक पेट्या फोडून सुमारे ४२ टन चहा पाण्यात ओतला. किंमत ९,६५९ पौंड. इतर मालाला फारसा हात लावला नाही. ओहोटी होती, चहाचे ढीग पाण्यावर साचू लागले तसे ते ढकलावे लागले.

त्यानंतर?

पार्लमेंटने भरपाई होईपर्यंत बोस्टनचं बंदर बंद केलं आणि मॅसॅच्युसेट्सच्या सभेचे अधिकार छाटले. एका गावाला धडा शिकवायचा हेतू होता; झालं उलटंच. दक्षिणेकडून बोस्टनला तांदूळ येऊ लागला. सप्टेंबर १७७४ मध्ये बारा वसाहती फिलाडेल्फियाला एकत्र आल्या, १९ एप्रिल १७७५ ला लेक्सिंग्टन आणि काँकर्ड इथे इंग्रज शिपाई आणि वसाहतवाले यांच्यात गोळ्या चालल्या, आणि ४ जुलै १७७६ ला स्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर झाला.

सगळी जनता बंडात होती का?

मुळीच नाही. राजाशी एकनिष्ठ राहिलेले साठ हजारांच्या आसपास लोक शेवटी देश सोडून गेले, त्यांतले पुष्कळ कॅनडात. नोव्हेंबर १७७५ मध्ये व्हर्जिनियाचा गव्हर्नर डनमोर याने जाहीर केलं की बंडखोरांचे जे गुलाम आमच्या बाजूने लढतील ते मुक्त. हजारो गुलाम इंग्रजांकडे पळाले. त्यांच्यापुरती स्वातंत्र्याची वाट तिकडे होती. मूळनिवाशांमध्ये मोहॉक इंग्रजांकडे, वनायडा अमेरिकनांकडे. युद्ध संपवणाऱ्या १७८३ च्या तहात इंग्लंडने मिसिसिपीपर्यंतचा मुलूख अमेरिकेला देऊन टाकला, तिथे राहणाऱ्यांना न विचारता.

त्या वर्षांत मराठे काय करत होते?

त्याच इंग्रजांशी लढत होते. पहिलं इंग्रज-मराठा युद्ध १७७५ ते १७८२, म्हणजे वर्षंही जवळपास तीच. १७७७ मध्ये सेंट लुबिन नावाचा फ्रेंच वकील पुण्यात आला. नाना फडणवीसांनी त्याची चांगली सरबराई केली आणि मुंबई-कलकत्त्याच्या इंग्रजांची झोप उडाली. पुढच्याच वर्षी फ्रान्सने अमेरिकेशी उघड करार केला. जानेवारी १७७९ मध्ये पुण्यावर चालून आलेल्या मुंबईच्या फौजेला महादजी शिंद्यांनी वडगाव मावळात कोंडून तह करायला लावला.

तिकडे अमेरिकेत इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस याने १९ ऑक्टोबर १७८१ ला व्हर्जिनियातल्या यॉर्कटाऊनला शरणागती पत्करली. आजारी आहे म्हणून तलवार द्यायला तो स्वतः आला नाही, दुसऱ्याला पाठवलं. पाच वर्षांनी त्यालाच हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल नेमलं. १७९२ मध्ये तो श्रीरंगपट्टणला टिपूसमोर तळ देऊन बसला होता, आणि त्याच्या शेजारच्या छावणीत हरिपंत फडके मराठ्यांची फौज घेऊन त्याच्याच बाजूने उभे होते.